जाम गेटवरून धूसर दिसणारा निमाड: १८-५५ किट लेन्सचं एक प्रकरण

प्रिंट हवा होता ३६ × २४ इंचाचा. विषय, इंदूरजवळच्या जाम गेटवरून दिसणारी निमाडची दरी. तक्रार अशी, की फोटो दर वेळी "कापूस पिंजून पसरल्यासारखा" येतो.

तक्रार घेऊन आलेले काका बँकेतून निवृत्त झालेले. कॅमेरा मुलाने दिलेला, १८ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरचा डीएसएलआर. लेन्स त्याच डब्यातून निघालेली १८-५५ मिलिमीटरची झूम (१८ ला दृश्य रुंद, ५५ ला जवळ), एफ ३.५ ते ५.६. निदान त्यांनी घरीच करून आणलं होतं. "लेन्सच टाकाऊ आहे हो. कॅमेऱ्यासोबत जवळजवळ फुकट आलेली, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? नवी कोणती घेऊ, तेवढं फक्त सांगा." एका दुकानात त्यांना एक लेन्स सुचवलीही होती. तिच्या किमतीत हाच कॅमेरा लेन्ससकट पुन्हा आला असता आणि वर बरेच पैसे उरले असते.

मी प्रिंटिंगचं काम करतो, लेन्स विकत नाही. त्यामुळे त्यांनी नवी घेतली काय आणि न घेतली काय, मला फरक पडत नव्हता. पण प्रिंट फसला की बिल माझ्याच टेबलावर परत येतं, म्हणून म्हटलं, आधी मूळ फाईली दाखवा.

जागा आणि तिची दिशा

इंदूरकरांना जाम गेट सांगायला नको. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळव्याचं पठार जिथे एकदम तुटतं, तिथे अहिल्याबाईंच्या काळातलं हे दगडी प्रवेशद्वार उभं आहे. खाली निमाड, नर्मदेकाठचा सखल प्रदेश. पावसाळ्यात रविवारी इथे भुट्टे खायला एवढी गर्दी लोटते की फोटोत दरीपेक्षा डोकी जास्त येतात.

फोटोच्या दृष्टीने या जागेची खरी अडचण मात्र गर्दी नाही, दिशा आहे. कड्यावर उभं राहून दरी बघायची म्हणजे तोंड दक्षिणेला. आपण कर्कवृत्ताच्या किंचित खाली, साडेबावीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. त्यामुळे उन्हाळ्याच्या ऐन मधले काही आठवडे सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो, आणि डिसेंबरात तर भर दुपारी बारालाही तो ४४ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर कॅमेरा कमी-जास्त प्रमाणात सूर्याकडे तोंड करून असतो. हवेतले धुळीचे आणि धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने उधळतात. सूर्य समोर असला की तोच उधळलेला प्रकाश लेन्समध्ये येतो, आणि लांबचे डोंगर दुधात बुडतात. त्याच हवेत सूर्य पाठीशी असेल तर तेच डोंगर बरेच स्वच्छ दिसतात.

काकांना जायला सोयीचा काळ कोणता? डिसेंबर ते फेब्रुवारी. थंडी, सुट्टीत आलेली नातवंडं, गाडीत पुरीभाजीचा डबा.

फाईली काय सांगत होत्या

पेन ड्राइव्हमध्ये बरंच काही होतं, कामाच्या निघाल्या त्या चार फाईली.

पहिली म्हणजे आधी दुसरीकडे प्रिंट करून घेतलेली. ती मोबाईलवरून मेसेजमध्ये गेलेली होती, लांबीला १६०० पिक्सेल. ३६ इंचावर पसरली की इंचाला ४४ पिक्सेल. यात लेन्सचा, हवेचा, कोणाचाच विचार करायची गरज नाही. हीच फाईल मूळ आकारात ५१८४ × ३४५६ होती, म्हणजे इंचाला १४४. काकांच्या रागाचा मोठा भाग या एका फाईलवर निघाला होता.

दुसरी मे महिन्यातली, भर दुपारची. हातात धरून, ऑटोवर. शटर पुरेसं वेगवान, तरी दरीतल्या झाडांच्या कडा लाटांसारख्या वाकलेल्या. ही तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. थंड-गरम हवेचे थर प्रकाशाला सतत थोडं थोडं वळवत राहतात, आणि दृश्य जितकं लांबचं तितका हा खेळ जास्त. लाखाची लेन्स लावली तर या लाटा अधिक स्पष्ट दिसतील, एवढंच. ती फाईल मी बाजूला ठेवली.

तिसरी मात्र फार बोलकी होती. फेब्रुवारी, दुपारचे चार, ट्रायपॉडवर, १८ मिलिमीटर, आयएसओ १००, शटर १/२५ आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ २२ (आकडा जितका मोठा तितकं भोक बारीक). लेन्सवरचा, हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर चालू. वर एक स्वस्तातला यूव्ही फिल्टर. बाजूचं ऊन अडवणारा हूड नाही, कारण या वर्गातल्या लेन्ससोबत तो सहसा डब्यात येतच नाही.

"एफ २२ का ठेवलंत?" मी विचारलं.

"लँडस्केपला जास्तीत जास्त आकडा ठेवायचा. सगळं शार्प येतं. ते ॲन्सेल ॲडम्स वगैरे तर ६४ वर काढायचे म्हणे."

काकांची माहिती चुकीची नव्हती. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ॲडम्स, एडवर्ड वेस्टन हे अमेरिकन फोटोग्राफर आणि त्यांच्या मित्रांनी जो गट काढला त्याचं नावच 'एफ ६४' होतं. पण ती मंडळी वापरायची मोठ्या फिल्मचे कॅमेरे, ८ × १० इंचांपर्यंतचे. काकांचा सेन्सर २२ × १५ मिलिमीटरचा, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा. कर्णाच्या हिशेबाने बारा पट लहान. त्या मोठ्या फिल्मवरचं एफ ६४ या सेन्सरवर एफ ५.३ च्या आसपास बसतं. उलट इथे एफ २२ ठेवणं म्हणजे त्या मोठ्या कॅमेऱ्यावर एफ २६० ठेवण्यासारखं, आणि तसं त्यांच्यापैकी कोणी केलं नसतं.

कारण ॲपर्चरचं भोक बारीक केलं की प्रकाश त्याच्या कडेवरून वाकून पसरतो, आणि एका बिंदूचा लहानसा गोल होतो. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये याचं गणित मांडलं. एफ ८ ला हा गोल साधारण ११ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, एफ २२ ला जवळजवळ ३०. काकांच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. म्हणजे एफ २२ ला प्रत्येक बिंदू सात पिक्सेलांवर फासला जात होता. हा तोटा स्वस्त लेन्सला आणि महाग लेन्सला अगदी सारखा होतो, त्यात कंपनीची काही चूक नसते.

इंदूरच्या माणसाने यात एक गोष्ट जोडावी. राजा दीनदयाळ १८६६ च्या सुमारास इथल्याच पीडब्ल्यूडीत नोकरीला लागले आणि इथेच फोटोग्राफीत रमले. त्यांच्या काळच्या मोठ्या काचेच्या प्लेटचे छाप बघून आपल्याला वाटतं की जुन्या लेन्समध्ये जादू होती. निम्मी जादू प्लेटच्या आकारात असायची. प्लेटएवढाच छाप काढायचा, त्यात काही मोठं करायचंच नाही. आपण तिकिटाएवढ्या चित्राला ३६ इंच करायला निघतो.

चौथी फाईल सकाळची, १८ मिलिमीटर, एफ ३.५, हातात धरून. मधला भाग चांगला, उजवी बाजू मऊ. मग परत तिसरीकडे गेलो, तर तिच्यातही उजवी बाजू डावीपेक्षा वाईट. आता खरा पेच इथे होता. फेब्रुवारीत चार वाजता सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे चौकटीच्या उजवीकडेच. उजवीकडचा मऊपणा हवेचा की लेन्सचा?

गच्चीवरची तपासणी

लेन्सची भिंगं आतमध्ये एका अक्षात नीट बसलेली नसली की चित्राची एक बाजू मऊ पडते. स्वस्त, प्लास्टिकच्या बांधणीच्या लेन्समध्ये नग-नगात फरक असतो. तो ओळखायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅमेरा उलटा करणे. एकदा सरळ फोटो काढा, मग कॅमेरा १८० अंशांत फिरवून तेच दृश्य पुन्हा काढा, आणि दुसरा फोटो संगणकावर सरळ करून शेजारी ठेवा. मऊपणा दृश्यातल्या त्याच जागी राहिला तर दोष हवेचा किंवा अंतराचा. जागा बदलून डावीकडे गेला, तर लेन्सचा.

काकांच्याच गच्चीवरून हे केलं. समोर लांब फ्लॅटची एक ओळ, पाण्याची टाकी, मध्ये कडुनिंब. रात्री पाऊस पडून गेला होता, हवा धुतलेली. कॅमेरा उलटा धरलेला बघून काकू म्हणाल्या, "आता हे नवीन काय?"

मऊपणाने जागा बदलली. म्हणजे लेन्समध्ये दोष होताच, काकांची शंका अगदीच खोटी नव्हती. पण किती, हे पाहायला हवं होतं. १८ मिलिमीटर, एफ ३.५ ला तो उघड दिसत होता. एफ ५.६ ला कमी. एफ ८ ला फक्त कोपऱ्यात. झूम ३५ वर नेला की शोधून काढावा लागत होता.

मग ट्रायपॉडवर ठेवून तेच दृश्य एकेका ॲपर्चरला. बघायला आम्ही एका बाल्कनीच्या लोखंडी जाळीचे गज धरले. एफ ३.५ ला मधल्या भागात गज सुटे दिसतात, पण उजाळा कमी. एफ ८ ला एकेक गज मोजता येतो, मधल्या आडव्या पट्टीवर वाळत घातलेल्या पंच्याची किनारही दिसते. एफ ११ ला किंचित उतार, प्रिंटमध्ये कळणार नाही इतका. एफ १६ ला गज आहेत पण अंग चोरून. एफ २२ ला जाळीच्या जागी एक सपाट करडा पट्टा. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा कापूस."

याच जाळीवर स्टॅबिलायझरही पाहून घेतला. ट्रायपॉडवर हलणारं काही नसताना अशा लेन्सचा स्टॅबिलायझर स्वतःच भरकटू शकतो. १/१५ ला तो चालू ठेवून काढलेल्या काही फोटोंत गज दुहेरी आले, बंद केल्यावर एकदाही नाही. शिवाय कॅमेऱ्यातला आरसा उडण्याचा झटका १/४ ते १/३० या वेगांनाच सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दृश्य) लावून आरसा आधीच वर आणि शटर २ सेकंदांच्या टायमरवर. यूव्ही फिल्टर काढून काकांच्या खिशात.

ट्रायपॉड हा या साऱ्यातला सर्वांत हलका आणि नालायक भाग होता. मधला दांडा वर ओढला की बोट लावलं तरी डुलायचा. दांडा पूर्ण खाली आणि खालचे बारीक पाय न उघडता वापरला, तेव्हा कुठे सरळ उभा राहिला. मला विचाराल तर लेन्ससाठी बाजूला काढलेल्या पैशांतला थोडा भाग आधी इथे जायला हवा.

जाण्याचा दिवस

पावसाळ्याच्या मध्यात जाम गेट ढगातच असतं, समोर पांढरा पडदा. उन्हाळ्यात गव्हाच्या नरवाया, म्हणजे कापणीनंतरचे खुंट, जळतात, त्यांचा धूर. उरतो तो सप्टेंबरचा शेवट, पाऊस मागे फिरतो तेव्हाचा, आणि तोही पाऊस पडून गेल्यावरची पहिली उघडीप. त्या सुमारास सूर्य जवळजवळ ठीक पूर्वेला उगवतो. दक्षिणेकडे बघताना ऊन डावीकडून आडवं येतं, विंध्याच्या प्रत्येक सोंडेची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत राहते. डोळ्याला जे शार्प वाटतं त्यातला मोठा वाटा या उजेड-सावलीचा असतो.

अडचण इतकीच की अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) पाहून काकांचं जागरण झालं होतं आणि पहाटे साडेचारला निघायचं म्हटल्यावर त्यांनी पोहे-जलेबीशिवाय महू ओलांडणार नाही अशी अट घातली. ती परतीवर ढकलली. वर पोहोचलो तेव्हा टपरीवाला पाणी तापवत होता. म्हणाला, "आज तो नीचे तक साफ है, भिया."

ठरवलेली योजना अशी. एकाच १८ मिलिमीटरच्या फोटोऐवजी ३५ मिलिमीटरला कॅमेरा उभा करून शेजारी शेजारी चार फोटो, प्रत्येकात मागच्याचा तिसरा हिस्सा येईल असे. नंतर ते जोडायचे. याने दोन कामं एकदम होतात. लेन्स आपल्या बऱ्या टप्प्यात राहते, आणि पिक्सेल वाढतात. दृश्य लांबचं असल्यामुळे पॅनोरामासाठीचं खास हेड लागत नाही.

तिसरा फायदा या लेन्सपुरता. तिची उजवी बाजू कमजोर. कॅमेरा ग्रिप (उजव्या हाताने धरायची बाजू) वर येईल असा उभा केला, की चित्राची उजवी बाजू वरची बाजू होते. म्हणजे लेन्सचा सगळा दोष आकाशात. आकाशात कोण गज मोजणार? काकांना ही युक्ती इतकी आवडली की ते ती टपरीवाल्यालाही समजावून आले.

फोकसवर थोडा जास्त वेळ गेला, आणि तो द्यावाच. धूसर दरीवर ऑटोफोकसला पकडायला काही मिळत नाही, तो पुढे-मागे होत राहतो. आणि या लेन्सची रिंग टोकापर्यंत फिरवली म्हणजे अनंतावर फोकस झाला असं नाही, ती अनंताच्या पलीकडे जाते. म्हणून लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून, पलीकडच्या सोंडेवरचं एक एकटं झाड धरून, रिंग हाताने अगदी केसाएवढी मागे-पुढे केली.

जवळचं किती शार्प राहील, हा हिशेब आधीच केला होता. नेहमीचे तक्ते १८ मिलिमीटर आणि एफ ८ ला सव्वादोन मीटरवर फोकस करा, म्हणजे सगळं येईल असं सांगतात. ते तक्ते लहान प्रिंटसाठी बनलेले, ३६ इंचाला ते पुरत नाहीत. दूरवर फोकस असताना १८ मिलिमीटर, एफ ८ ला १० मीटरवरची वस्तू सुमारे एक पिक्सेल पसरते, तेवढं चालतं. ३५ मिलिमीटरला मात्र तीच मर्यादा ३५ मीटरच्या पुढे जाते. याचा अर्थ, समोरचा कठडा चौकटीत ठेवायचा नाही. काकांना कठडा हवा होता, "जागा ओळखू आली पाहिजे." त्यावर बराच वाद झाला. शेवटी कठड्यासह एक वेगळा फोटो १८ ला काढून दिला, घरच्या अल्बमसाठी.

उरलेलं पटकन सांगतो. एक्सपोजर मॅन्युअल, चारही फोटोंना तेच: एफ ८, १/६०, आयएसओ १००. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा, पक्का. फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. वाऱ्याची झुळूक थांबली की बटण. हूड नव्हता, म्हणून डावीकडून येणारं ऊन काकांनी टोपी आडवी धरून अडवलं.

फाईल ते प्रिंट

जोडणी ह्युजिन या मोफत सॉफ्टवेअरवर झाली. कडा छाटून ७५०० × ५००० च्या आसपासची फाईल हातात आली. ३६ इंचावर इंचाला २०८ पिक्सेल. आधीचा एकच फोटो वापरला असता तर १४४, आणि मेसेजवाला ४४.

सोफ्यावर बसून दोन मीटरवरून बघणाऱ्याला १४४ आणि २०८ मधला फरक कळत नाही, डोळ्याची क्षमताच तेवढी नसते. पण निमाडचा फोटो भिंतीवर लागला की लोक सोफ्यावर बसत नाहीत. नाक लावून रस्ता शोधतात, गाव शोधतात. चाळीस सेंटिमीटरवरून बघताना डोळ्याला इंचाला दोनशेच्या पुढे पिक्सेल लागतात, तेव्हा ही मेहनत कामी येते.

शार्पनिंगमध्ये मी हात आखडता ठेवला. काकांच्या जुन्या फाईलीत मोबाईलच्या ॲपवरून इतकं ओढलं होतं की डोंगराच्या कडेला पांढरी दोरी बांधल्यासारखी रेघ आली होती. इथे त्रिज्या लहान, मात्रा बेताची, आणि आकाशाला अजिबात नाही. धूसरपणा काढणारा स्लाइडर अगदी थोडा. दूरच्या रांगा जरा निळसर, फिक्याच राहिल्या पाहिजेत, नाहीतर दरीची खोली जाते. पूर्ण प्रिंटआधी त्याच मापात एक आठ इंची पट्टी छापली, काकांच्या हॉलमध्ये नेऊन दिव्याखाली पाहिली. सावल्या तिथे जास्त गडद वाटल्या, त्या थोड्या उचलल्या.

कागद मॅट घेतला. काकांचा ओढा कॅनव्हासकडे होता. कॅनव्हासचं विणकाम मऊ फाईलचे दोष झाकतं, म्हणून मी तो एरवी सुचवतोच. इथे झाकण्यासारखं काही नव्हतं आणि त्या विणकामात बारीक झाडं गेली असती.

खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे पहिल्या फोटोची कडा जोडणीबाहेर राहिली, तिथे गवत थोडं मऊ आहे. मी दाखवून दिलं, काकूंना ते दिसलं नाही, काकांना आता सारखं दिसतं. लेन्स त्यांनी दुरुस्तीला दिलेली नाही, कारण वॉरंटी संपलेली आहे आणि खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जाईल असं त्यांना सांगितलं गेलं. तिच्यावर त्यांनी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलंय: "ग्रिप वर, ८, ३५". नवी लेन्स रद्द झाली, जड ट्रायपॉड जुन्या बाजारातून आला. आता त्यांना मांडू हवंय, तेही डिसेंबरात, नातवंडं आलेली असताना. सूर्य कुठे असेल ते मी कागदावर काढून दिलंय.